विचारायची भीड

'अपघात' हा शब्द आपण किती सहज वापरतो! मूल जिन्यावरून पडते, उकळत्या दुधाने भाजते, बिनकठड्याच्या विहिरीत पडते, आपण हळहळतो आणि म्हणतो, "वेळच वाईट होती." दोष एकदा वेळेवर टाकला, की माणसांकडे पाहण्याचे कारण उरत नाही. दुःख सोसण्यासाठी ही समजूत उपयोगी पडत असेल. पण पुढच्या मुलाला वाचवायला ती उपयोगी पडत नाही.

अमेरिकेतील मुलांना होणाऱ्या बंदुकीच्या जखमांविषयी वाचताना मला हे प्रकर्षाने जाणवले. २०२० साली त्या देशात एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बंदूक पहिल्या क्रमांकावर आली. तोपर्यंत ते स्थान वाहनांच्या धडकांकडे होते. बंदुकीच्या बळींत खुनांचा वाटा सर्वांत मोठा, त्याखालोखाल आत्महत्यांचा. खेळता खेळता, नकळत सुटलेल्या गोळीचे बळी त्यामानाने थोडे. परंतु त्या थोड्यांतील बरेच मृत्यू घरातल्या एखाद्या उघड्या खणापासून सुरू झालेले असतात.

मग वाहनांनी होणारे बालमृत्यू इतके कमी कसे झाले? मुलांना 'नीट बस' असा उपदेश करून ते घडले नाही. १९६६ नंतर तेथील वाहतूक-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचे पहिले प्रमुख झालेले विल्यम हॅडन हे पेशाने डॉक्टर होते. 'अपघात' हा शब्दच त्यांना नापसंत होता. रोगाची कारणे शोधावीत तशी त्यांनी इजेची कारणे शोधली : माणूस, वाहन आणि भोवतालची परिस्थिती. पट्टे आले, मुलांसाठी वेगळी आसने आली, गाड्यांची आणि रस्त्यांची रचना बदलली. मुले होती तशीच राहिली. त्यांच्याभोवतीचे जग मोठ्यांनी बदलले.

बंदुकीच्या बाबतीत मात्र मुलालाच शहाणे करण्यावर आपली भिस्त असते. ती किती फोल आहे, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगाने दाखवले. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांच्या छोट्या गटांना एका खोलीत बसवले होते. खोलीतल्या एका खणात गोळ्या नसलेले खरे पिस्तूल ठेवले होते, आणि डॉक्टर काचेआडून पाहत होते. ज्यांना पिस्तूल सापडले, त्यांतील बहुतेकांनी ते हाताळले. काहींनी चाप ओढला. ते खरे की खेळण्यातले, हे अनेकांना ओळखता आले नाही. विशेष म्हणजे, हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना बंदुकीपासून दूर राहण्याचे धडे आधीच मिळालेले होते. कुतूहल हा मुलाचा स्वभावच आहे. उपदेशाने तो बदलत नाही.

म्हणून तेथील बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात : घरात बंदूक नसणे सर्वांत उत्तम, असलीच तर ती रिकामी करून कुलपात ठेवावी आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात. हे कुलूप किशोरवयीन मुलांसाठीही आहे. निराशेची लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. बंदूक मात्र परतीला वाट ठेवत नाही. कुलपामुळे जो वेळ मिळतो, तेवढ्या वेळात कोणीतरी दार ठोठावू शकते.

माझी भाची टेक्सासमध्ये राहते. मी तिच्याकडे असताना तिच्या मुलाला वर्गमित्राकडे खेळायला जायचे होते. तिने त्या मुलाच्या आईला फोनवर विचारले, "तुमच्या घरी बंदूक आहे का? असली तर कुलपात असते ना?" मी तिला म्हटले, "अगं, असे कसे विचारावे? त्यांना काय वाटेल?" ती म्हणाली, "मावशी, कुत्रा आहे का, हे आपण विचारतोच की! त्यांना काय वाटायचे ते वाटो." पलीकडची बाई रागावली नाही. बंदूक तिजोरीत असते आणि किल्ली आपल्यापाशी असते, असे तिने शांतपणे सांगितले.

त्या देशातील दहांपैकी सुमारे चार प्रौढ बंदूक असलेल्या घरात राहतात. भरलेली बंदूक कुलपाबाहेर असलेल्या घरांत राहणाऱ्या मुलांची संख्या २०१५ च्या पाहणीवरून सुमारे ४६ लाख निघाली. तेव्हा हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. आज कितीतरी मराठी घरांतील आजी-आजोबा नातवंडे सांभाळायला सहा-सहा महिने तिकडे जातात. 'भीड भिकेची बहीण' असे आपली म्हण सांगते. मुलाच्या जिवाचा प्रश्न असतो तेथे तर ती फार महाग पडते. तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर हा प्रश्न बरोबर न्या आणि न संकोचता विचारा. 'हात लावू नकोस' असे मुलाला जरूर सांगावे. पण कुलूप लावण्याचे काम मुलाचे नाही, ते आपले आहे.