सेंटरने लांबून मारायचं का?

आमच्या शाळेच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात नववीतली एक मुलगी आहे. उंची पाच फूट नऊ इंच, आणि अजून वाढतेच आहे. ती सेंटर खेळते. तिला लांबून बास्केट मारायला शिकवायचं की नाही, हा प्रश्न मला सुटत नाही. ज्यांना विचारावं ते सगळे ठाम उत्तर देतात, पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या बरोबर उलट असतं.

मी खो-खोतली. खेळले खो-खो, शिकवला खो-खो. आधीच्या सरांची बदली झाली आणि बास्केटबॉलचा संघ माझ्याकडे आला. नियम वाचून कळले. रिंग ३.०५ मीटरवर, मैदान २८ बाय १५ मीटर, मुलींना सहा नंबरचा चेंडू, समोरच्या संघाच्या रिंगपुढच्या रंगवलेल्या चौकोनात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. हे सगळं पाठ करता येतं. पण कुठल्या मुलीला काय शिकवावं आणि काय शिकवू नये, हे नियमपुस्तकात नसतं.

‘काय शिकवू नये’ हा विचारच मला परका होता. खो-खोत एखादी मुलगी पोलवर सूर मारून गडी टिपण्यात तरबेज असली, तरी संघाची पाळी आली की तिला पळावंच लागतं. तिला पळायला शिकवू नका, असं मी आजवर कोणाकडूनही ऐकलं नव्हतं. इथे मात्र पहिल्याच आठवड्यात ऐकलं.

सकाळी मैदानावर फिरायला एक निवृत्त सर येतात. त्यांच्या काळात ते राज्याच्या संघातून खेळले आहेत. ते मला म्हणाले, “मॅडम, या पोरीला रिंगखालून हलू देऊ नका. उंची देवाने दिलीय ती रिंगजवळ कामाला येते. एकदा का लांबून मारायची चटक लागली, की ती परत आत येत नाही.” त्याच संध्याकाळी शाळेचा एक माजी विद्यार्थी आला. तो आता इंजिनिअरिंगला आहे, विद्यापीठाकडून खेळतो. त्याचं म्हणणं असं, “मॅडम, नुसता आत उभा राहणारा सेंटर आता कोणाला नको असतो. पाचही जणांना थ्री मारता आली पाहिजे. तिला आत्तापासून शिकवा, नाहीतर उशीर होईल.” दोघांनाही या खेळातलं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, त्यामुळे कोणाचं ऐकावं ते मला ठरवता येईना. मुलीला विचारलं तर ती लगेच म्हणाली, “मॅडम, मला थ्री शिकायचीय.”

मग मी वही काढली. सरावात कोणी कुठून मारलं आणि किती गेले, याची नोंद बाकावरच्या मुलींना ठेवायला सांगितली. हिशेब तसा सोपा आहे. आतून मारलेल्या शॉटला दोन गुण, रेषेबाहेरून मारलेल्याला तीन. आतून दोनातला एक शॉट जाणं आणि बाहेरून तीनातला एक जाणं, दोन्हींची किंमत सारखीच, सरासरी एका प्रयत्नाला एक गुण. आमची सेंटर रिंगजवळून साधारण निम्मे शॉट घालते. बाहेरून पाचातला एक गेला तरी तो दिवस चांगला. म्हणजे आतून प्रयत्नाला एक गुण आणि बाहेरून अर्ध्याहून थोडा जास्त. वहीने सरांच्या बाजूने कौल दिला.

मी ते इंजिनिअरिंगवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, “तुम्ही फक्त तिचे गुण मोजताय. ती बाहेर उभी राहिली की बाकीच्या चौघींना काय मिळतं ते मोजा.” मुद्दा असा की, समोरच्या संघाची सगळ्यात उंच मुलगी आमच्या सेंटरवर असते. आमची सेंटर बाहेर आली, तर त्या मुलीलाही तिच्यामागे बाहेर यावं लागतं. रिंगखालची जागा रिकामी होते आणि आमच्या चपळ, बुटक्या गार्डला ले-अपसाठी वाट मिळते. एन.बी.ए.तले सामने बघायला लागले तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. उंच खेळाडू चेंडूला हातही न लावता रेषेबाहेर उभा असतो, आणि केवळ तो तिथे आहे म्हणून आत दुसऱ्या कोणाला तरी बास्केट मिळते.

पण आमच्या सामन्यांत असं होत नाही. शालेय स्पर्धेत बहुतेक संघ झोन लावतात, पुढे दोन मुली आणि मागे तीन. आमची सेंटर बाहेर गेली की त्या आपापल्या जागी निवांत उभ्या राहतात. मारू दे तिला, असंच त्यांचं चाललेलं असतं. ज्या शॉटची भीती नाही त्याच्यामागे कोण धावेल? मग बाहेर तिला कोणी अडवत नाही, शॉट मात्र जात नाही, आणि रिंगखाली रिबाऊंड घ्यायला आमचं कोणीच उरत नाही. हे मी एका सामन्यात पूर्ण उत्तरार्धभर पाहिलं.

या गोंधळात मी मोठ्या खेळाडूंबद्दल वाचायला लागले, आणि गोंधळ आणखी वाढला. करीम अब्दुल-जब्बार यांच्या नावावर ३८,३८७ गुण, २०२३ पर्यंत एन.बी.ए.मधला तो विक्रम होता. एवढ्या कारकिर्दीत त्यांनी थ्री पॉइंटर घातला फक्त एक. थ्री पॉइंटची रेषा एन.बी.ए.मध्ये आली १९७९-८० च्या हंगामात. त्यानंतर दहा हंगाम ते खेळले, तरी त्यांना तिची गरज पडली नाही. हा जुना काळ झाला म्हणावं, तर आजचा रुडी गोबेअर आहे. चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू, आणि लांबचा शॉट जवळजवळ नाहीच. दुसऱ्या बाजूला सर्बियाचा निकोला योकिच. तीन वेळा एन.बी.ए.चा सर्वोत्तम खेळाडू. तो आतून मारतो, बाहेरून मारतो, आणि सेंटर असून पास असे देतो की बघत राहावं.

यातलं कोणाचं उदाहरण नववीतल्या मुलीला लागू करायचं, हे मला सांगता येत नव्हतं. तेवढ्यात ब्रुक लोपेझची गोष्ट वाचनात आली. सात फुटांचा सेंटर. २००८ मध्ये एन.बी.ए.त आला आणि पहिल्या आठ हंगामांत मिळून त्याने तीन थ्री घातल्या. नवव्या हंगामात, २०१६-१७ मध्ये, एकदम १३४. पुढे मिलवॉकीच्या संघाने २०२१ मध्ये विजेतेपद मिळवलं तेव्हा तोच त्यांचा सेंटर होता. हे वाचून मला मोठा दिलासा मिळाला. अठ्ठाविसाव्या वर्षी एवढा बदल होऊ शकतो, तर चौदाव्या वर्षी घाई कशाला? सरांनाही सांगितलं. ते खूश झाले.

इंजिनिअरिंगवाल्याने मात्र मला त्याच लोपेझचे फ्री थ्रोचे आकडे बघायला लावले. पहिल्यापासून तो शंभरातले ऐंशीच्या जवळपास फ्री थ्रो घालत आला होता. म्हणजे हात आधीच तयार होता, मनगट तयार होतं. नंतर वाढलं ते अंतर. याच्या उलट शकील ओनील. चार विजेतेपदं, त्याच्याएवढा ताकदवान सेंटर क्वचितच झाला असेल, पण फ्री थ्रो शंभरातले साधारण ५३. समोरचे संघ त्याला मुद्दाम फाऊल करायचे आणि फ्री थ्रोच्या रेषेवर पाठवायचे. आत कोणाला न आवरणारा माणूस त्या रेषेवर एकटा उभा राहायचा आणि गुण वाया जायचे.

इथे मला पहिल्यांदा हातात काहीतरी धरता आलं. सेंटर रिंगखाली धक्काबुक्कीत खेळते, म्हणून सगळ्यात जास्त फाऊल तिच्यावर होतात. सेंटरने फक्त आतूनच मारायचं, असं मानलं तरी फ्री थ्रो तिला चुकत नाही. ती रेषा बोर्डापासून ४.६ मीटरवर आहे, म्हणजे रिंगपासून दूरच. लांबून मारूच नका असं म्हणणारे सरसुद्धा फ्री थ्रो सोडा असं म्हणणार नाहीत. आणि दोन-तीनच्या झोनमध्ये कच्ची जागा असते तीही नेमकी तिथेच, पुढच्या दोघी आणि मागच्या तिघी यांच्या मध्ये. सेंटरने तिथे चेंडू घेऊन वळून मारलं आणि तो शॉट जायला लागला, की मागच्या तिघींतल्या मधलीला पुढे यावंच लागतं. बाहेरच्या रेषेपर्यंत न जाताही रिंगखालची जागा मोकळी होते. मी हे दोघांसमोर मांडलं तेव्हा दोघेही पहिल्यांदा एकाच वेळी हो म्हणाले.

थ्रीच्या रेषेवर मात्र माझा निर्णय कडक आहे, आणि त्याला कारण टेप आहे. आमच्या मैदानावरची रेषा मी मोजली तर ती ६.२५ मीटरवर निघाली. ते आंतरराष्ट्रीय नियमातलं जुनं अंतर. २०१० पासून ते ६.७५ मीटर झालं आहे, आमच्याकडे रंग मात्र जुनाच राहिला. मी खडूने नवी रेषा आखली आणि मुलीला मागे सरकायला सांगितलं. त्या अर्ध्या मीटरने तिचा शॉट पार मोडला. चेंडू कमरेपर्यंत खाली यायला लागला, कोपर बाहेर गेलं, मनगटाऐवजी खांद्याने ढकलणं सुरू झालं. ताकद पुरत नाही म्हणून शरीर दुसरीकडून ताकद शोधतं, आणि जे शोधतं तेच अंगवळणी पडतं. खो-खोत चुकीची उठण्याची सवय मोडायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. त्यामुळे रिंगच्या दीड-दोन मीटरवरून सुरुवात, कोपर चेंडूखाली, चेंडू सुटल्यावर मनगट खाली वाकलेलं. आकार टिकला तरच एक पाऊल मागे. आकार मोडला की पुन्हा पुढे. मुलीला हे कंटाळवाणं वाटतं. ती तोंडाने बोलत नाही, पण सराव संपला की खडूच्या रेषेवरून दोन-चार मारूनच घरी जाते.

सरांची दुसरी तक्रार जास्त खोल होती आणि ती मला पटायला वेळ लागला. ते म्हणाले, “ती बाहेर का जाते ते बघा. मारायला जाते की मार चुकवायला जाते?” मी बघायला लागले. सामन्यात पहिले दोन-तीन कोपर लागले की ती हळूहळू रिंगपासून दूर सरकते आणि हात वर करून चेंडू मागते. उंच मुली लहानपणापासून अंग चोरून वावरतात. वर्गात वाकून बसतात, फोटोत मागे उभ्या राहतात. मैदानावर अंगावर येणाऱ्या मुलीला अंगानेच थोपवायचं, हे तिला कोणी शिकवलेलंच नव्हतं. त्यामुळे हल्ली मी स्वतः तिच्या पाठीला रेटा देऊन उभी राहते आणि ती पाय रोवून, चेंडू हनुवटीखाली घट्ट धरून, पिव्हट घेऊन वळते. आतलं हे काम जमल्याशिवाय बाहेरचा शॉट तिच्यासाठी पळवाट ठरेल, ही सरांची भीती मला खरी वाटते.

आणि तरीही तिला रिंगखाली बांधून ठेवायला माझं मन तयार नाही. जिल्ह्यात ती सगळ्यात उंच आहे. विभागीय स्पर्धेत गेलो तर समोर तिच्याएवढ्या दोन मुली होत्या. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. तिची उंची सहा फुटांच्या आसपास, आणि ती चेंडू घेऊन बाहेरून खेळणारी खेळाडू. भारताकडून सेंटर खेळलेली पूनम चतुर्वेदी साडेसहा फुटांहून उंच आहे. आमची मुलगी उद्या पाच फूट दहा किंवा अकरा इंचांवर थांबली, तर वरच्या संघात ती सेंटर असणारच नाही. तिथे तिला बाहेरून खेळावं लागेल, आणि निवडीच्या दिवशी तिच्याकडे फक्त रिंगखालचे दोन शॉट असले, तर ती परत घरी येईल. आमच्या संघात दुसरी उंच मुलगी नाही, म्हणून तिने आत उभं राहायचं. ही आमची सोय झाली. त्या सोयीसाठी तिची पुढची वाट बंद करायचा अधिकार मला नाही. हे मी सरांना स्पष्ट सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “ते बरोबर आहे. पण रिबाऊंड कोण घेणार?”

याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. लोपेझ उंचीच्या मानाने स्वतः फार रिबाऊंड घेत नाही. तो समोरच्या मोठ्या खेळाडूला पाठीने अडवून धरतो आणि चेंडू त्याचे साथीदार उचलतात. तसं आमच्याकडे व्हायला हवं असेल, तर सेंटर फ्री थ्रोच्या रेषेवर आली की दोन्ही फॉरवर्डनी आत जाऊन बॉक्स आऊट करायला हवं. त्या दोघी सध्या शॉट सुटला की चेंडूकडे बघत उभ्या राहतात. या हंगामात सेंटरने सामन्यात फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत मारायचं, थ्री सरावात, असं ठरलं आहे. फॉरवर्डना पुढच्या सोमवारपासून बॉक्स आऊट सुरू करायचं आहे. ते मलाच नीट येत नाही, म्हणून शनिवारी सकाळी सरांना अर्धा तास लवकर बोलावलं आहे.