स सशाचा

नात पहिलीत आहे. दिवेलागणीला ती पुस्तक घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसते आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवत वाचते. परवा तिचं बोट सशाच्या चित्राखाली होतं. तिने तोंड उघडलं, मिटलं आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं. माझ्यापर्यंत पोचला तो एक पुसटसा 'अ' आणि त्याच्यामागून 'आ'. 'ससा' या शब्दात 'स'शिवाय आहे तरी काय? तो गेला की सगळा ससाच पळून जातो. ३४ वर्षं मी याच गावात, इचलकरंजीत, पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. किती पोरांच्या जिभेवर हा 'स' बसवला! तो माझ्या कानांतून कधी निघून गेला, हे मला कळलंही नाही.

ऐकू येत नाही म्हणजे शांतता, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. तसं ते नसतं. बोलणारा बोलतोय हे ऐकू येतं, त्याचा राग, लाड, घाई, सगळं ऐकू येतं. फक्त शब्द कळत नाही. कानाच्या तपासणीत एका बंद खोलीत बसवतात. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. बारीकसा आवाज आला की दाबायचं. त्या खोलीत बाहेरचं काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे माझ्या कानातली किणकिण इतकी वर आली की आवाज नसतानाही मी कितीदा तरी बटण दाबलं. मग आलेख हातात आला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. डावीकडे खर्जातले आवाज, २५० हर्ट्झपासून. उजवीकडे उंच, ८००० पर्यंत. हजारापर्यंत दोन्ही रेषा बऱ्यापैकी सपाट चालल्या होत्या. पुढे त्या आंबा घाटासारख्या खाली उतरल्या होत्या. तपासणारी मुलगी तरुण होती. ती खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसली आणि म्हणाली, "काकू, अ, आ, उ, ओ हे खालच्या पट्टीत असतात, ते तुम्हाला मिळतात. स, श, च, त, थ, फ यांची धार वरच्या पट्टीत असते. ती मिळत नाही."

म्हणजे स्वर राहिले आणि व्यंजनं गेली. मला त्या क्षणी नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली एक मुलगी आठवली. दुसरीचा वर्ग. चार आणि तीन किती, असं विचारलं. ती म्हणाली 'सात'. मी ऐकलं 'आठ'. बस खाली, म्हटलं. ती बसली नाही, पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच ऐकलं आणि जरा आवाज चढवला. ती डोळे भरून खाली बसली. त्या काळात मला वाटायचं की हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. ती मुलगी आता कॉलेजात असेल. तिचं उत्तर बरोबर होतं.

२०१८ मध्ये मी निवृत्त झाले. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि एका आठवड्यात माझं जग बंद झालं. दूधवाला, औषधाच्या दुकानातला मुलगा, खुद्द माझी सून, कुणाचंच काही कळेना. तेव्हा लक्षात आलं की कित्येक वर्षं मी लोकांचं बोलणं ऐकत नव्हते, पाहत होते. ओठ झाकले गेले आणि उरलंसुरलं ऐकणंही झाकलं गेलं.

हे ओठांवरचं वाचणं मला कुणी शिकवलं नव्हतं. ते घरातून आलं. माझे वडील, अण्णा, यंत्रमाग कामगार होते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. मग गल्लीगल्लीत माग झाले आणि गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणू लागले. आमच्या खोलीची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच होती. धोटा इकडून तिकडे जाऊन आदळायचा, परत फिरून आदळायचा, आणि असे कितीतरी धोटे एकदम. ताकाचं भांडं फळीवर ठेवलं की त्यातल्या ताकावर वर्तुळं उठायची. कारखान्यात शेजारी उभ्या माणसाला ओरडूनही काही सांगता यायचं नाही. म्हणून ही माणसं आवाज न काढता, ओठ मोठे हलवून बोलत. घरी आल्यावरही अण्णा आमच्या डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. इंग्लंडात खऱ्या मँचेस्टरच्या आसपास, लँकेशायरच्या गिरण्यांतही कामगारांनी असंच ओठांचं बोलणं बसवलं होतं. त्याला ते 'मी-मॉ' म्हणत. सूत जिथे गेलं, तिथे हे मुकं बोलणंही गेलं.

कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल, ही आपल्याकडची मर्यादा. मागांचा खडखडाट सहज तिच्या वर जातो आणि अण्णांची पाळी बारा तासांची होती. ते कानांत सुताचे बोळे घालत. अशा बोळ्यांनी फारसं काही अडत नाही. गोंगाटामुळे गेलेलं ऐकणं हा कायद्याने कामाचा आजार धरला आहे, त्याची भरपाई मागता येते, हे त्यांना जन्मभरात कुणी सांगितलं नाही. मागावर काम केलं म्हणजे ऐकायला कमी येणारच, असं सगळे म्हणत. अण्णाही तेच म्हणत. सबंध गावाने एक आजार स्वभावासारखा स्वीकारला, याचा मला आज फार राग येतो.

लहानपणीची एक गोष्ट मनातून जात नाही. रात्री लाईट गेली की सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबायचे. पोटात खड्डा पडावा अशी शांतता. मग लांबून कुत्रं, कुणाच्या तरी घरातलं बाळ, ओढ्याकडचे बेडूक, असे एकेक आवाज वर यायचे. आम्ही पोरं ते ऐकायला दारात जायचो. अण्णा कॉटवर बसून डोकं जरासं कलतं करायचे आणि म्हणायचे, "माझा चालूच आहे." मला वाटायचं, त्यांच्या मागाला वेगळी वीज असेल.

मला त्याचा अर्थ कळायला बरीच वर्षं गेली. एका रात्री जाग आली ती कुणाची तरी बोअरची मोटर चालू राहिली म्हणून. उठून खिडकी लावली. आवाज तसाच. ह्यांना उठवलं, "अहो, मोटर कुणाची चालू राहिलीय का?" ते उठून बसले, अंधारात बराच वेळ कान देऊन राहिले आणि म्हणाले, "नाही गं. सगळं शांत आहे." मी उशीवर डोकं ठेवलं. मोटर उशीत होती.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक चिमुकली नळी असते. तिच्यात केसासारखे तंतू असलेल्या पेशी, एकेका कानात जवळजवळ १५ हजार. उंच आवाज नळीच्या दाराशी झेलले जातात, खर्जातले आतल्या टोकाला. गोंगाटाने आणि वयाने झिजतात त्या आधी दारातल्या. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. पक्ष्यांच्या उगवतात, आमच्या आवारातल्या साळुंकीला जे मिळालंय ते मला नाही. आतून येणारी खबर कमी झाली की मेंदू आपली पट्टी वाढवतो, असं समजलं जातं. लांबचं स्टेशन नीट लागलं नाही की अण्णा रेडिओचा आवाज मोठा करायचे आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी व्हायची, तसंच हे. टिनिटस म्हणजे ती खरखर. १९५३ मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी कानाची कसलीही तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. म्हणजे ही खरखर थोडीफार सगळ्यांतच आहे. ज्यांना बाहेरचं चांगलं ऐकू येतं, त्यांच्यात ती झाकलेली राहते, एवढंच.

आपल्याकडे याला कर्णनाद म्हणतात. सुश्रुताने कानाचे २८ रोग मोजले, त्यांत हा आहे, बाधिर्यही आहे. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तर याचं वर्णन भेरी, मृदंग आणि शंख यांच्या नावाने केलंय, आणि बासरीसारखा आवाज आला तर त्याला वेगळं नाव दिलंय, कर्णक्ष्वेड. हे वाचलं त्या दिवशी मला रडू आलं. इतक्या शतकांपूर्वी कुणीतरी एका रोग्याजवळ बसून विचारलं होतं, तुला नेमकं कसं ऐकू येतं? मला ज्यांनी पहिल्यांदा तपासलं त्यांनी विचारलं नव्हतं. वयाने होतं, औषध नाही, सवय करून घ्या, असं सांगून दोन मिनिटांत दार दाखवलं होतं.

मुलीने मला बेद्रिख स्मेताना या चेक संगीतकाराविषयी सांगितलं. १८७४ मध्ये ते पूर्ण बहिरे झाले. दोन वर्षांनी त्यांनी 'माझ्या आयुष्यातून' ही चार तंतुवाद्यांची रचना लिहिली. शेवटच्या भागात आनंदाचं, नाचरं संगीत चाललेलं असतं. ते एकाएकी तुटतं आणि पहिल्या व्हायोलिनवर एकच उंच, टोकदार स्वर लांबत जातो. बहिरेपणाआधी त्यांच्या कानांत वाजत राहिलेला तो स्वर. मुलीने तो फोनवर लावला आणि स्वर आला तेव्हा बोट वर केलं. मला ऐकू आला. तो कुठे संपला आणि माझा कुठे सुरू झाला, ते मात्र सांगता आलं नाही.

सवय होते, हे खरं आहे. पण ती करायला कुणीतरी शिकवावं लागतं. माझ्या कानातला आवाज गेलेला नाही. पूर्वी मी रात्रभर त्याच्यावर पहारा करत असे, आता करत नाही. रात्री पंखा चालू ठेवते, थंडीतही, भिंतीकडे तोंड करून. ठार शांतता मला सोसत नाही. आणि कानाच्या मशीनने फार मोठा फरक पडला. बाहेरचं जग आत यायला लागलं, तशी आतली मोटर मागे सरली. सगळ्यांचीच सरते असं नाही. माझी सरली.

मशीनचा पहिला दिवस स्वयंपाकघरात गेला. सकाळी डबीतली बॅटरी काढायची, तिच्यावरची तपकिरी पट्टी सोलायची आणि मिनिटभर तिला हवा लागू द्यायची. हवेवरच ती चालते. मग ती झाकणात बसवून मशीन कानात. तेल तापत ठेवलं, मोहरी टाकली आणि दचकून मागे झाले. तड तड तड! इतकी वर्षं मी फोडणी डोळ्यांनी करत होते. मोहरी उडताना दिसली की जिरं. कुकरच्या शिट्ट्याही वाफ बघून मोजत होते. त्या दिवशी बांगड्या वाजल्या, वर्तमानपत्र खरखरलं, झाडू फरशीवरून सरकताना आवाज करतो हे पुन्हा कळलं. मी गॅस बंद करून ओट्याशी नुसती उभी राहिले.

पण मशीन म्हणजे चष्मा नव्हे. लग्नाच्या हॉलमध्ये ते माणसांबरोबर ताटवाट्याही मोठ्या करतं. आणि 'स' त्यातूनही अर्धाच येतो. म्हणून नात आता एक करते. शाळेत मी मुलांना 'क' आणि 'ख' यांतला फरक शिकवायची तो तळहात तोंडापुढे धरून. 'ख'ला हातावर वाऱ्याचा फटका बसतो. तिला हे मीच दाखवलं होतं. परवा मी 'ससा' चुकवला तेव्हा तिने माझा हात ओढून आपल्या तोंडापुढे धरला आणि पुन्हा वाचलं. तळव्यावर एक गार झुळूक आली, थांबली आणि दुसरी आली. दोन 'स'.

तिने पुन्हा वाचलं, ही मोठी गोष्ट आहे. जेवताना सगळे हसतात, मी विचारते, "काय झालं?" आणि उत्तर येतं, "काही नाही हो आई." कुणी वाईट नसतं, घास तोंडात असतो, गोष्ट खरंच लहान असते. पण दिवसातून दहा वेळा 'काही नाही' ऐकलेलं माणूस हळूहळू विचारणंच सोडतं, खोलीत जाऊन बसतं. अण्णा असेच गेले. शेवटच्या वर्षात एकदा मी त्यांच्या कॉटजवळ कपड्यांच्या घड्या घालता घालता काहीतरी म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय म्हणालीस?" मी म्हणाले, "काही नाही अण्णा." मी काय म्हणाले होते ते आज मलाही आठवत नाही. त्यांचं बघणं आठवतं.

दोन विनंत्या आहेत. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. त्यावरची औषधं पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतात. आणि घरात कुणी "काय म्हणालात?" असं विचारलं, तर तेच वाक्य पुन्हा सांगा. समोर येऊन, तोंड उजेडात ठेवून, न ओरडता. भाजीत मीठ कमी आहे एवढंच म्हणाला असाल, तर तेवढंच सांगा.