भाटियाजींचा समोसा आणि पंधरावा प्रमाद



‘ऑफिस ऑफिस’ आठवतेय ना? २००१ मध्ये सब टीव्हीवर सुरू झालेली मालिका. पंकज कपूर यांचे मुसद्दीलाल काहीतरी साधेसे काम घेऊन ऑफिसात जायचे आणि या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहायचे. दर भागात ऑफिस नवे, माणसे मात्र तीच! पान चघळणारे शुक्लाजी, ‘वही तो’ म्हणणाऱ्या उषाजी म्हणजे आपल्या आसावरी जोशी, आणि माझे सगळ्यात लाडके भाटियाजी. मनोज पाहवांनी काय रंगवलेत! समोर मुसद्दीलाल ताटकळलेले आणि यांचा सगळा जीव समोशात. (त्यातल्या बटाट्याचा हिशेब वेगळाच!)

लाच तर तिथे सगळेच मागतात. तो लोभ, तो कषाय. आपल्याला लगेच खटकतो. पण भाटियाजींच्या आळसाचा राग येत नाही. उलट माणूस गोड वाटतो.

आपले शास्त्र इथे फार बारकाईने बघते. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात कर्मबंधाची पाच कारणे दिली आहेत: मिथ्यात्व, अविरती, प्रमाद, कषाय आणि योग. प्रमाद कषायाहून वेगळा मोजला आहे! सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्याच अशी, की प्रमादाने जीवाच्या प्राणांचा घात होणे म्हणजे हिंसा. म्हणजे मनात कुणाचे वाईट नव्हते, एवढे म्हणून सुटका नाही. आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो, चूल पेटवण्याआधी बघून घेतो, ते याचसाठी. भाटियाजींच्या मनात मुसद्दीलालबद्दल काही वैर नसते, पण हेलपाटे त्या बिचाऱ्यालाच पडतात.

आता घरात बघूया. “आमचा बाळ्या ना, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलणार नाही!” हे आपण तक्रार म्हणून सांगतो की कौतुकाने? चातुर्मासात सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणे उरकायची म्हणून सून एकटी धावत असते, आणि बाळ्या सोफ्यावरून गोड हसत विचारतो, “आज काय आहे गं?” घरोघरी एक भाटियाजी असतो, आणि प्रत्येक भाटियाजीमागे एक मुसद्दीलाल. बहुतेक वेळा तो मुसद्दीलाल साडीत असतो. तिने एक दिवस तसाच आळस केला, तर तो कुणाला गोड वाटेल का?

प्रमादाचे पंधरा प्रकार सांगतात. चार विकथा (त्यात भोजनकथा आहेच, भाटियाजी!), चार कषाय, पाच इंद्रिये, निद्रा, आणि पंधरावा, स्नेह. मला हा पंधरावा फार विचार करायला लावतो. पहिले चौदा आळशी माणसाकडे शोधता येतील. पण त्याला वर्षानुवर्षे तसाच राहू देणारा स्नेह त्याचा नसतो, आपला असतो. मुलावर माया असावीच, पण ती डोळे झाकायला लागली की तिचाही प्रमाद होतो.

म्हणून टीव्हीवरच्या भाटियाजींना खुशाल हसा, मीही हसते. घरातल्याच्या हातात मात्र उद्या सकाळी पाणी गाळायचे फडके द्या. ते नीट दुहेरी कसे धरायचे, तेही शिकवा. माणूस गोडच राहील, काळजी नको.