फर्नेसचं आंबट पाणी

भट्टी म्हटलं की आपल्या खान्देशात वीटभट्टी आठवते, नाहीतर हातभट्टी. घर तापवणारी भट्टी आपल्या डोक्यातच येत नाही. जळगावात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, तिथे आणखी घर कोण तापवणार! पण माझी लेक टोरोंटोजवळ राहते आणि तिच्या तळघरात अशी गॅसची भट्टी आहे. तिकडे तिला फर्नेस म्हणतात. मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे होते तेव्हा बघितलं, तर फर्नेसच्या एका नळीतून थेंबथेंब पाणी. जाळ आत आणि पाणी बाहेर, हे काय गौडबंगाल?

जावईबापूंनी समजावलं. मी आयुष्यभर मराठी शिकवलेलं, तरी एवढं कळलं. हा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. एक किलो मिथेनमागे सव्वादोन किलो पाणी! जुन्या फर्नेसमध्ये ही वाफ धुराड्यातून निघून जायची आणि बरोबर उष्णताही न्यायची. नवीन फर्नेस वाफेला आतच थंड करून तिची उष्णता घरासाठी काढून घेतं. भाताच्या झाकणाला आतून थेंब जमतात ना, तसंच. धूर इतका निवतो की त्याला प्लॅस्टिकचा पाइप चालतो.

पण हे पाणी दिसायला नितळ असलं तरी आंबट असतं. धुरातले वायू त्यात विरघळतात. लिंबाइतकं नाही, टोमॅटोच्या रसाच्या जवळपास म्हणा. तेवढ्यानेही लोखंडी नळ, तांबं, सिमेंट हळूहळू खाल्लं जातं. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात चिंचेचं सार ठेवू नये, हे आपल्या आयांना शाळेत न जाताही ठाऊक होतं!

उपायही घरगुतीच वाटावा असा. एका डब्यात चुनखडीचे किंवा संगमरवराचे खडे भरायचे आणि पाणी त्यातून जाऊ द्यायचं. आंबटपणा तिथेच मरतो, मग मोरीत सोडायला हरकत नाही. खडे मात्र झिजतात, वर्षातून एकदा भर घालावी लागते. आपल्या शहाबादी ओट्यावर लिंबू सांडलं की पांढरा डाग पडतो, तेच हे. तीही चुनखडीच.

लेकीकडे ज्याने फर्नेस बसवलं होतं त्या भल्या माणसाने डबा तर दिला नव्हताच, वर नळी भिंतीतून सरळ बाहेर काढली होती. जानेवारीत एका रात्री उणे वीस झालं. धो धो वाहणारं पाणी एकवेळ टिकलं असतं, पण हे थेंबाथेंबाने येणारं. ते नळीच्या तोंडाशी गोठलं, मागे तुंबलं आणि फर्नेस आपोआप बंद पडलं. तसं बंद पडणं सुरक्षेसाठीच असतं, पण नात सहा महिन्यांची! आम्ही मायलेकींनी तिला आळीपाळीने पोटाशी धरलं. जावईबापू बाहेर बर्फात उभे राहून नळीवर गरम पाणी ओतत होते. दोन तासांनी फर्नेस सुरू झालं. तोवर कोणी कोणाशी धड बोललं नाही.

दुसऱ्या कारागिराने नळी आतल्या आत, उतार देऊन, खड्यांच्या डब्यातून तळघराच्या मोरीत सोडली. नळीचा एक बाक त्याने मुद्दाम दाखवला. त्यात कायम पाणी उभं राहतं, म्हणून धूर घरात शिरत नाही. मला धुळ्याची आठवण झाली. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांनी आपल्या पांझरेच्या पाटावर नळाचा सायफन बांधला होता. जावईबापूंना सांगितलं तर म्हणाले, "आई, तुम्ही कुठूनही खान्देशात पोचता!"

असो. आता जळगावात पावसाळी दमट दिवसांत आमच्या एसीखालची बादली भरते. ते पाणी हवेतलं, जाळातलं नव्हे, म्हणून आंबट नसतं. पिऊ नये, पण फरशी पुसायला उत्तम. शेजाऱ्यांच्या भिंतीवर मात्र सोडू नका मंडळी, आमच्या गल्लीत त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे. आणि लेकीला आज फोनवर सांगितलं आहे, थंडी पडायच्या आत डबा उघडून खडे बघ. ती म्हणाली, बघते. मी पुन्हा विचारणार आहे.