पाण्याबरोबर जाणारी माती

नियम हा शब्द कानीं पडतांच विद्यार्थिवर्गाच्या कपाळास आठ्या पडतात. आणि खरें सांगावयाचें तर पालकवर्गाचीहि स्थिति फारशी निराळी नसते. घंटा झाल्यावर वर्गांत येऊं नये, हा नियम मुलांस जाचतो. नकाशा मंजूर झाल्यावांचून कुदळ मारूं नये, हा थोरांस जाचतो. मी स्वतः नियमांचा मोठा भक्त आहें असें नाहीं. परंतु कांहीं नियम असे असतात कीं, ते आपल्या सोयीसाठीं नसून आपल्या खालच्या बाजूस राहणाऱ्या मनुष्यासाठीं असतात, आणि त्या मनुष्यास आपण बहुधा ओळखतहि नसतों. घर बांधतांना उकरलेली माती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाऊं नये म्हणून जे नियम आहेत, व जे असावयास पाहिजेत, ते या जातीचे होत.

पवित्र शास्त्रांतील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायांत नव्या घराच्या धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे. कारण वरून कोणी पडून मेला तर त्याचा दोष घरधन्याकडे येतो. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायांत आगीविषयीं असाच नियम आहे. एकानें लावलेली आग कांट्याकुट्यांतून पसरत जाऊन दुसऱ्याच्या धान्यास लागली, तर ज्यानें ती लावली त्यानें भरपाई करावयाची. आपल्या हद्दींतून जें बाहेर पडलें त्याचा जाब आपण द्यावयाचा, हें दोन्हींचें मर्म. मोशेच्या काळीं डोंगर फोडणारीं यंत्रें नव्हतीं. असतीं तर त्याच अध्यायांत पाण्याविषयींहि एखादी आज्ञा आली असती, असें मला पुष्कळदां वाटतें.

पुणें शहराच्या सभोंवतीं ज्या टेकड्या आहेत त्या काळ्या पाषाणाच्या. त्यांवर मातीचा थर पातळ, त्याखालीं मुरूम व त्याखालीं कातळ. हा पातळ थर गवताच्या मुळांनीं धरून ठेविलेला असतो. पावसाचा थेंब पात्यावर पडला म्हणजे त्याचा जोर तेथेंच मोडतो. पाणी हळूहळू मुळांशीं उतरतें व पुष्कळसें जमिनींत मुरतें. तेंच गवत खरवडून काढलें म्हणजे थेंब थेट उघड्या मातीवर आपटतो, मातीचे कण सुटे होतात, तेच कण जमिनीचीं बारीक छिद्रें बुजवितात, आणि मुरण्यास वाट न राहिल्यामुळें पाणी उतारानें धांवूं लागतें. धांवत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर तें पूर्वीच्या चौसष्टपट वजनाचा धोंडा ढकलूं शकतें, असा भूशास्त्रांतील एक जुना ठोकताळा आहे. बांधकामाच्या जागेवरून शेतजमिनीच्या साधारणतः 10 ते 20 पट, आणि वनजमिनीच्या 1,000 ते 2,000 पट माती वाहून जाते, असा हिशेब अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण-संरक्षण संस्थेनें दिला आहे.

ज्या मुलांस गणिताची गोडी आहे त्यांनीं हेंहि करून पाहावें. एक गुंठा म्हणजे सुमारें 101 चौरस मीटर. दहा गुंठ्यांच्या जागेवर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारें 25,000 लिटर पाणी झालें. म्हणजे 10,000 लिटरचे अडीच टँकर. एप्रिल-मेमध्यें आपण ज्या टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभे राहतों, तितकेंच पाणी जूनमध्यें एका उकरलेल्या जागेवरून घटकाभरांत माती घेऊन निघून जातें.

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या मुलांस मीं शाळेजवळच्या ओढ्यावर नेलें होतें. ओढ्याकांठीं एका ठिकाणीं मोठें खोदकाम चाललें आहे. त्याच्या वरच्या बाजूस एक व खालच्या बाजूस एक, अशा दोन कांचेच्या बरण्या मुलांनीं भरून आणिल्या व रात्रभर वर्गांत ठेविल्या. सकाळीं पाहतों तों वरच्या बरणींत तळ झांकेल एवढाच गाळ, आणि खालच्या बरणींत चांगला दोन बोटें. शिवाय खालच्या बरणींतील पाणी चार दिवसांनींहि निवळलें नाहीं. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण असे तरंगतच राहतात.

दोन बोटें गाळ ही गमतीची गोष्ट वाटेल, म्हणून दुसरी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. 6 जून 2013 रोजीं पुणें-सातारा रस्त्यावर, कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ, जोराचा पाऊस झाला. रस्त्याच्या वरच्या अंगास डोंगर फोडून सपाटी केलेली होती व पाण्याची स्वाभाविक वाट बुजली होती. त्या पाण्याचा लोंढा रस्त्यावर आला, आणि एका मोटारींतून जाणारी आई व तिची लहान मुलगी त्यांत वाहून जाऊन मरण पावल्या. जीं माणसें मेलीं त्यांचा त्या डोंगराशीं, त्या सपाटीशीं कांहीं एक संबंध नव्हता. तीं केवळ खालून जात होतीं. पुढें 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीं कात्रजकडून शहरांत येणाऱ्या आंबील ओढ्यास जो पूर आला त्यास कारणें अनेक होतीं. अतिवृष्टि होती, ओढ्याच्या पात्रांतील अतिक्रमणें होतीं. परंतु गाळानें उथळ झालेल्या ओढ्यांत पाणी कमी मावतें, हें समजण्यास इंजिनियरिंग शिकावें लागत नाहीं.

मग कायदा नाहीं काय? आहे. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यांत ‘विकास’ या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक आहे कीं, केवळ इमारत नव्हे तर जमिनींत केलेला महत्त्वाचा फेरबदलहि तींत येतो. तेव्हां परवानगीवांचून डोंगर फोडणें हें बेकायदेशीरच. 2020 च्या डिसेंबरांत राज्याच्या बहुतेक भागासाठीं जी एकत्रित बांधकाम-नियमावली मंजूर झाली, तिच्याप्रमाणें जेथें जमिनीचा उतार पांचास एक किंवा त्याहून अधिक आहे तेथें फोडणें, सपाट करणें, भर घालणें यांस सर्वसाधारणपणें मनाई आहे. 500 चौरस मीटर व त्यावरील जागेंत नवें बांधकाम केल्यास पावसाचें पाणी जिरविण्याची वा सांठविण्याची सोय करावी लागते. 20,000 चौरस मीटरांहून मोठ्या बांधकामास 2006 च्या अधिसूचनेप्रमाणें पर्यावरणाची पूर्वसंमति लागते, आणि वरची सुपीक माती निराळी सांठवून पुढें बागेसाठीं वापरावी, अशी अट तींत बहुधा घातलेली असते. माती-मुरूम खणून नेण्यास महसूल खात्याचा परवाना व स्वामित्वधन हींहि लागतातच.

इतकें असून उणें कोठें आहे, तें मला एका पालकांनीं दाखविलें. हे गृहस्थ खोदाईचें यंत्र चालवितात. त्यांचें नांव, व ते ज्यांचें काम करीत होते त्यांचें नांव, येथें देण्याचें कारण नाहीं. मुलाचें प्रगतिपुस्तक नेण्यास आले असतां बरण्यांवरून विषय निघाला, तेव्हां ते म्हणाले, “सर, आम्हाला सांगतात, पाऊस लागायच्या आत वरचं खोदून घ्या आन् ढीग तसाच राहू द्या. पहिल्या दोन-चार पावसांत निम्मा ढीग आपोआप जातो. डंपरचं भाडं वाचतं.”

“पण ती माती जाते कुठे?” मीं विचारलें.

“खालच्या वस्तीत. तिकडंच आमचं घर आहे, सर.”

ते हें रागानें बोलले नाहींत, हवापाणी सांगावें तसें बोलले. त्यानंतर कित्येक दिवस माझ्या मनांत एकच विचार घोळत होता. डंपरमधून माती गेली तर तिचें माप होतें, पावती फाडली जाते, परवाना नसेल तर दंड होतो. तीच माती पाण्याबरोबर गेली तर तिचें माप घेणारा कोणी नाहीं. जागेचा उतार किती, क्षेत्रफळ किती, इमारत किती उंच, हें सर्व विचारणारे नियम आहेत. परंतु पहिला पाऊस पडण्यापूर्वीं त्या जागेवर उभें राहून ‘हें पाणी कोठें जाणार?’ असें विचारणें कोणाचें काम आहे, तें सामान्य दहा-वीस गुंठ्यांच्या बांधकामाच्या बाबतींत मला तरी कोठें दिसलें नाहीं.

शेतकऱ्यास हा प्रश्न नवा नाहीं. आपला बांध फुटून शेजाऱ्याच्या वावरांत पाणी शिरलें तर गांवांत काय होतें, हें ज्यांचीं आजोळें खेड्यांत आहेत त्यांस ठाऊक आहे. मुंबई इलाख्यांत 1942 सालीं जमीन-सुधारणा-योजनांचा कायदा झाला तो याचसाठीं. मातीची धूप थांबविण्यास ताली व बांध कोठें घालावेत याची योजना सरकारनें आखावी व ती त्या टापूंतील शेतकऱ्यांवर बंधनकारक व्हावी, असा त्याचा हेतु होता. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्यास आपण ऐशीं वर्षांपूर्वीं जें पाळावयास लाविलें, तें त्याच जमिनीवर इमारत बांधणाऱ्यास मात्र माफ! मला ही गोष्ट न्यायाची वाटत नाहीं.

अमेरिकेंतील मेरिलँड संस्थानानें 1970 सालीं बांधकामाच्या मातीसाठीं निराळा कायदा केला. आज त्या देशांत एक एकर वा अधिक जमीन उकरावयाची झाल्यास पाण्याचा व मातीचा बंदोबस्त कसा करणार, याचा लेखी आराखडा आधीं करावा लागतो, आणि ठराविक दिवसांनीं जागेची पाहणी करून तिची नोंद ठेवावी लागते. प्रत्यक्ष उपाय ऐकाल तर हंसाल, इतके ते साधे आहेत. वरून येणारें स्वच्छ पाणी जागेंत शिरूं न देतां चर काढून बाजूनें न्यावें. एकदम सारी जागा न उकरतां लागेल तेवढीच उकरावी. मातीचे ढीग झांकावे. खालच्या कडेचें गवत राखावें. पाणी बाहेर पडण्यापूर्वीं गाळखड्ड्यांत थांबवावें. आणि वाहनांच्या चाकांस लागलेला चिखल रस्त्यावर जाऊं नये म्हणून फाटकापाशीं खडी पसरावी. आपल्या कोणत्याहि जाणत्या शेतकऱ्यानें हे उपाय अर्ध्या तासांत सांगितले असते.

हें सर्व लिहिण्यास एक निकडीचें कारण आहे. शाळेची नवी इमारत ज्या उतारावर व्हावयाची आहे त्याच्या खालीं तीच वस्ती आहे. मे महिन्यांत पाया खणून घ्यावा, पावसाळ्यांत काम थांबलें तरी चालेल, असें ठेकेदारांचें म्हणणें होतें. आणि पालकांच्या सभेंतहि कित्येकांनीं त्यास दुजोरा दिला. सिमेंट-लोखंडाचे भाव वाढतील, व मुलांस आणखी सहा महिने दाटीवाटीनें बसावें लागेल, हा त्यांचा आक्षेप खरा आहे. त्यास गोड उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. उघडा पाया चार महिने पावसांत ठेवणें म्हणजे कोणाच्या तरी घरांत चिखल धाडणें होय, एवढेंच मीं सभेंत सांगितलें, आणि त्या दोन बरण्या टेबलावर ठेविल्या. चर्चा पुष्कळ झाली, कांहीं कडूहि झाली.

शेवटीं ठरलें तें असें. येत्या मे महिन्यांत फक्त वरच्या अंगाचा चर व खालचा गाळखड्डा खणावयाचा, आणि निघालेली माती ताडपत्रीनें झांकून ठेवावयाची. पायाचें काम दसऱ्यानंतर. पावसाळाभर दर सोमवारीं, व मोठा पाऊस झाल्यास दुसऱ्या दिवशीं, नववीचीं दोन मुलें व एक शिक्षक चर आणि खड्डा पाहून वहींत नोंद करतील. खड्डा निम्मा भरला कीं उपसावयाचा. वही कार्यालयाबाहेर टांगलेली राहील, कोणाहि पालकानें ती पाहावी. आठवी ‘ब’चा वर्ग तोंपर्यंत उपासनामंदिराच्या व्हरांड्यांतच बसेल. तेथें पश्चिमेकडून पावसाचे शिंतोडे येतात, म्हणून त्या बाजूस पडदे लावण्याचें काम सुताराकडे दिलें आहे.