चिखलाचा बाक, चौकाचा पार

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातलं पोर्टलंड म्हटलं की आयटीवाल्यांना शेजारच्या हिल्सबरोतलं इंटेल आठवतं आणि स्नीकरप्रेमींना बीव्हर्टनचं नायकी. ऑनसाइटला गेलेले आपले मित्र वीकेंडला धबधबे बघतात, पुस्तकांची दुकानं पालथी घालतात आणि परत येतात. त्यांनी थोडी वाट वाकडी करून शहराच्या आग्नेय भागातल्या गल्ल्यांत शिरायला हवं. तिथे फूटपाथच्या कडेला चक्क चिखलाचे बाक भेटतात. गुबगुबीत, वळणदार, पाठीत रंगीत बाटल्या बसवलेले. बसायला पैसे पडत नाहीत आणि कॉफी घेण्याची सक्तीही नाही!

या चिखलाला तिकडे ‘कॉब’ म्हणतात. चिकणमाती, वाळू आणि गव्हाचं काड एकत्र तुडवायचं आणि त्याचे गोळे हाताने एकावर एक रचत जायचं, बस्स. विटा नाहीत, साचा नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात अशी शेकडो वर्षांची घरं आजही उभी आहेत. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या भिंती पाहिलेल्या एखाद्या आजीला यात नवल वाटणार नाही. ‘एवढ्यासाठी अमेरिकेला कशाला गेलात?’ असंच ती विचारेल.

चौक भरपूर, पार नाही

गोष्ट सुरू होते १९९६ साली. सेलवूड भागात नववा अ‍ॅव्हेन्यू आणि शेरेट स्ट्रीट जिथे मिळतात, तो चौक. पोर्टलंडचे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले, त्यामुळे चौक पावलोपावली. पण थांबून दोन शब्द बोलावेत असा पार मात्र कुठेच नाही. आर्किटेक्ट मार्क लेकमन आणि शेजाऱ्यांनी मिळून रस्त्यावर भलंमोठं चित्र रंगवलं. कोपऱ्यांवर चहाचे थर्मास, पुस्तकांची देवाणघेवाण, मुलांची खेळणी आली. नाव पडलं ‘शेअर-इट स्क्वेअर’. सार्वजनिक रस्त्यावर हे काय चाललंय, म्हणून महापालिकेने आधी डोळे वटारले. मग लोकांचा उत्साह बघून तिने रीतसर नियमच केला: आजूबाजूच्या रहिवाशांच्या सह्या आणा आणि चौक रंगवा.

याच मंडळींच्या ‘सिटी रिपेअर’ संस्थेने २००२ पासून मे-जूनच्या सुमारास दहा दिवसांचा बांधकाम-उत्सव भरवायला सुरुवात केली आणि शहरभर कॉबचे बाक उगवले. सीझनही अचूक निवडलेला. पोर्टलंडचा उन्हाळा कोरडा असतो, म्हणजे पावसाळी हिवाळ्याआधी बाक खडखडीत वाळतो.

करायचं कसं?

पहिला फंडा म्हणजे पाया. माती जमिनीला टेकली की ओल चढलीच. म्हणून चर खणून खडी भरायची आणि त्यावर निदान फूटभर उंच दगडी जोतं घ्यायचं. इथे कामाला येतो राडारोडा! उखडलेल्या फूटपाथच्या काँक्रीटचे तुकडे तिथे दगडासारखे रचतात. त्याला नावही झकास दिलंय, ‘अर्बनाइट’.

मग मातीची परीक्षा. काचेच्या बरणीत माती-पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू लगेच तळाशी बसते, त्यावर गाळ आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी. थरांवरून अंदाज घेऊन वाळू मिसळायची. एका भाग चिकणमातीला साधारण दीड-दोन भाग वाळू लागते, पण आधी दोन-चार नमुन्याच्या विटा वाळवून बघाव्यात. तडे गेले तर वाळू वाढवा, भुगा झाला तर चिकणमाती. आपली काळी माती मात्र इथे उपयोगाची नाही, ती फुगते आणि भेगाळते.

आता चपला काढा! ताडपत्रीवर मिश्रण पसरून अनवाणी तुडवायचं, कडा उचलून उलटवायचं, काड टाकत पुन्हा तुडवायचं. दिवसाला फूटभराच्या वर चढवू नका, ओली माती आपल्याच वजनाने बसते. शेवटी माती किंवा चुन्याचा गिलावा आणि बैठकीवर जवसाच्या तेलाचा हात. सिमेंटचा गिलावा नकोच. त्याला तडा गेला की पाणी आत शिरतं, बाहेर पडत नाही आणि माती आतून सडते.

पाऊस आला की?

खरी मेख इथे आहे. वर छोटंसं छप्पर हवंच आणि तरीही कोपरे झिजतात, गिलावा निघतो. दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी मातीत हात घालावाच लागतो. पोर्टलंडमधले काही बाक टिकले, काही गेले. फरक फक्त मातीचा नाही. काँक्रीटचा बाक शेजाऱ्यांशिवाय उभा राहतो, चिखलाचा राहत नाही.

म्हणून त्याला दुबळं म्हणायचं का? २००१ साली रंगवलेल्या ‘सनीसाइड पियाझा’ या चौकाचा अभ्यास २००३ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मध्ये आला. तिथल्या ६५ टक्के रहिवाशांनी आपली वस्ती राहायला उत्कृष्ट असल्याचं सांगितलं. जवळच्या, काहीच बदल न झालेल्या चौकाभोवती हे प्रमाण होतं ३५ टक्के. ही जादू रंगाची की एकत्र राबण्याची, तुम्हीच ठरवा.

आपल्या सोसायटीत लॉन आहे, पण त्यावर बसायचं नाही. क्लबहाऊस आहे, पण बुकिंग लागतं. शेजारच्या फ्लॅटचं नाव आपल्याला कुरिअरवाल्याकडून कळतं. मुंबई-पुण्याच्या मुसळधार पावसात असा बाक शेडखाली किंवा पार्किंगच्या आडोशालाच बांधावा लागेल. पावसाळा संपला की मुहूर्त आहेच. माती, वाळू, काड आणि राडारोडा सगळं मिळेल. अवघड आहे ते एकच: रविवारी सकाळी पायजमा दुमडून चिखलात उतरणारे आठ शेजारी गोळा करणं. ते जमलं, की बाक निम्मा झालाच समजा.