तिसरं बोट

गेले चार रविवार मी सकाळी साडेसहाला उठतोय. हे वाचून आमच्या टीममधले लोक हसतील, कारण सोमवारच्या दहाच्या मीटिंगलाही मी वेळेवर नसतो. पण सध्या एक खूळ डोक्यात शिरलंय. लेगस्पिन शिकायचं!

निमित्त झालं ऑफिसच्या टूर्नामेंटचं. मी मध्यमगती गोलंदाज (म्हणजे मध्यम जास्त, गती कमी). एका ओव्हरमध्ये २२ रन दिले. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मग लेगस्पिन टाक. धावायला लागत नाही."

बाबा आता सत्तरीला टेकलेत. भोसरी एमआयडीसीत तीसेक वर्षं काढली. तरुणपणी ते कंपनीच्या टीमकडून लेगस्पिन टाकायचे, हे मी आईकडून ऐकलं होतं. त्यांचं दैवत म्हणजे आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे. बोर्डे लोकांच्या लक्षात राहिले बॅट्समन म्हणून, पण ५५ टेस्टमध्ये लेगस्पिनवर ५२ विकेटही काढल्यात, हे बाबा आल्यागेल्याला ऐकवतात. स्वतः खेळणं का सोडलं, हे मात्र कधी बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

तर पहिल्या रविवारी निगडीला, प्राधिकरणातल्या एका मैदानावर गेलो. टेनिस बॉलला शिवण नसते म्हणून बाबांनी स्वतःच्या पैशांनी सीझन बॉल आणला होता. "पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी. तिसरं दुमडून शिवणीला टेकवायचं. अंगठा नुसता आधाराला. सोडताना दाराची गोल मूठ डावीकडे फिरवतो ना, तसं. पण बॉल खरा फिरवतं ते हे तिसरं बोट."

असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. तो हात मी आयुष्यभर बघत आलोय. त्या बोटाला पुढचं पेर नाही, हेही माहीत होतं. पण ते नेमकं *तेच* बोट आहे, हे तेव्हा कळलं.

पॉवर प्रेस. सेकंड शिफ्ट. मी दोन वर्षांचा होतो. गार्ड नसलं, किंवा प्रॉडक्शन वाढावं म्हणून काढून ठेवलेलं असलं, की हात बाहेर यायच्या आत प्रेस खाली येतो. आमच्या जुन्या चाळीत अशी अर्धी बोटं तीन-चार घरांत होती. लहानपणी मला ते काही विशेष वाटायचंच नाही.

"यामुळे सोडलंत?"

"मग काय. पगार चालू राहिला. बॉल वळायचा बंद झाला."

मला गप्प बसवेना. म्हटलं, चंद्रशेखर बघा. पोलिओनं बारीक झालेल्या हातानं १९७१ साली ओव्हलला ३८ रनमध्ये ६ विकेट काढल्या, इंग्लंडमधली पहिली सिरीज आपण जिंकली!

"चंद्रा शिकलाच त्या हातानं," बाबा म्हणाले. "माझं शिकून झाल्यावर गेलं. टाक बॉल."

यावर काय बोलणार? टाकला. तो शेजारच्या नेटमध्ये गेला.

त्या दिवशी ६० बॉल टाकले, टप्प्यावर पडले २. घरी डायनिंग टेबलवर टेनिस बॉलचा सराव सुरू केला. आईनं वैतागून विचारलं, तर तिला सांगितलं की बोझान्के नावाच्या इंग्रजानं गुगली अशीच टेबलावर खेळता खेळता शोधली. ती म्हणाली, त्याच्या टेबलावर वरणाचं पातेलं नसणार.

काल चौथा रविवार. एक बॉल लेगला पडून चक्क वळला! मी ओरडलोच. बाबा म्हणाले, "मनगट अजून कडक आहे," आणि मला चहा आणायला पिटाळलं.

चहा घेऊन परत येताना लांबूनच दिसलं. बाबा एकटे बॉलिंग टाकत होते. दोन पावलं, हात वर, मान सरळ. काय सुंदर अॅक्शन आहे राव! बॉल बरोब्बर टप्प्यावर पडला आणि सरळ गेला. दुसराही सरळ गेला.

मी गेटपाशीच थांबलो. चहा गार झाला. होऊ दे.

असो. पुढच्या रविवारी परत जातोय. एक बॅट्समन हवाय. कुणी येणार का? चहा माझ्याकडून.